आवडतं म्हणून घेतो, की घेतो म्हणून आवडतं?

घरातल्या वाणसामानाची गेल्या तीन-चार महिन्यांची बिलं सापडली तर समोर घेऊन बसा. चहा, तेल, तांदूळ, बिस्किटं यांची नावं बहुधा तीच असतील, पुडेही तेवढेच. मधूनच एखादं अनोळखी नाव दिसेल. राळे, टोफू, नाहीतर कुणीतरी सांगितलं म्हणून आणलेलं पीनट बटर. यातलं एखादं नाव पुढच्या बिलांत टिकलेलं असेल, बाकीची एकदाच येऊन गेलेली.

एकदाच आलेलं नाव कायमचं कधी होतं? आणि जे कायमचं झालंय ते आवडतं म्हणून झालं, की इतकी वर्षं घेतोय म्हणून आवडायला लागलं?

प्रश्न घरगुती वाटतो, पण त्यावर मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्र या तिन्ही विषयांत गंभीर काम झालंय. मी ग्राहकांच्या निवडींच्या डेटावर पीएचडी करते, त्यामुळे हे पेपर रोजच्या वाचनातले. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा विषय एका खास कारणासाठी उपयोगी आहे: साध्या प्रश्नाचं उत्तर डेटातून काढताना माणूस कुठे कुठे फसू शकतो, ते यात फार स्वच्छ दिसतं.

आधी दुकान बदललं

वाण्याच्या दुकानात आपण यादी देतो आणि तो सामान काढून देतो. यादीत तेच येतं जे आपल्याला आधीपासून माहीत आहे. फळ्यांवर मांडलेला माल गिऱ्हाइकाने स्वतः हाताने उचलायचा, ही पद्धत 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरन्स सॉन्डर्स यांच्या पिगली विगली या दुकानाने रुजवली. त्यामुळे माणूस न ठरवलेल्या वस्तूंसमोरूनही चालू लागला. आज सुपरमार्केटात तांदळाच्या पिशवीशेजारी वरई, कोदो आणि क्विनोआ दिसतात. म्हणजे प्रत्येक फेरीत एक छोटा निर्णय असतो: ओळखीचं घ्यायचं, की नवीन करून बघायचं?

शोध की वापर?

या पेचाला संशोधनात एक्सप्लोर-एक्सप्लॉइट असं नाव आहे. मराठीत आपण शोध आणि वापर म्हणू. जे चांगलं आहे हे माहीत आहे ते घेणं म्हणजे वापर. जे कदाचित त्याहून चांगलं असेल, कदाचित वाईटही, ते करून बघणं म्हणजे शोध. नुसता वापर केलात तर त्याहून चांगलं काय होतं ते कळणारच नाही. नुसता शोध केलात तर सापडलेल्या चांगल्या गोष्टीचा फायदा कधीच घेता येणार नाही.

गणितात हा प्रश्न जुगाराच्या यंत्रांच्या रूपात मांडतात: समोर अनेक यंत्रं आहेत, कुठलं किती देतं माहीत नाही, नाणी मोजकी आहेत. थॉम्पसन यांचा 1933 चा आणि रॉबिन्स यांचा 1952 चा पेपर या क्षेत्राच्या पायातले दगड मानले जातात. त्यातून दोन साधे नियम निघतात. पुढे वेळ भरपूर असेल तर शोध जास्त करावा, कारण सापडलेलं पुढे खूप दिवस वापरता येतं. आणि बाहेरची परिस्थिती बदलत असेल, तर एकाच पर्यायावर जितका जास्त काळ राहाल तितकी बाकीच्यांबद्दलची तुमची माहिती शिळी होते, म्हणून मधूनमधून पुन्हा डोकावून यावं.

दुसरा नियम लक्षात ठेवा. पुढे तोच मोडताना दिसतो.

सुपरमार्केटातले 2 लाख 80 हजार ग्राहक

2017 साली ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये रीफर, लव्ह आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी सुपरमार्केटच्या 2 लाख 80 हजारांहून जास्त ग्राहकांच्या अनेक वर्षांच्या खरेद्या तपासल्या. नावं काढून टाकलेला डेटा. प्रश्न असा: एकच वस्तू सलग घेत राहिलेला ग्राहक दुसरी कधी करून बघतो?

नियमाप्रमाणे सलग खरेदी जितकी लांबेल तितकी दुसरीकडे डोकावण्याची शक्यता वाढायला हवी. दिसलं उलट. साखळी जितकी लांब, तितकी ती तुटण्याची शक्यता कमी. वेगळी वस्तू घेऊन बघा म्हणून दिलेली कूपनंही साखळी नुकतीच सुरू झालेल्या लोकांनाच जास्त रुचली.

लेखकांचं स्पष्टीकरण आपल्या शीर्षकातल्या प्रश्नाशी येऊन थांबतं. यंत्रातून पैसे किती पडले ते मोजता येतं, चवीचं मोजमाप मात्र आपल्या मनातच होतं. मग मन वागणं आणि आवड यांचा मेळ घालत राहतं: इतक्या वेळा घेतलं, म्हणजे मला हेच आवडत असणार. निवडीमागून आवड चालत येते.

थांबा, आलेखावर लगेच विश्वास नको

असा उतरता आलेख कुणीही दाखवला तरी तुमच्या डोक्यात एक शंका यायला हवी. पुढचं उदाहरण मी रचलेलं आहे, पेन घेऊन करून बघा.

समजा 1000 घरं आहेत. त्यातली 500 घट्ट सवयीची: दर आठवड्याला ब्रँड बदलण्याची शक्यता 10 टक्के. उरलेली 500 चंचल: शक्यता 50 टक्के. कुणाचाही स्वभाव कधीच बदलत नाही, हे गृहीत धरू.

पहिल्या आठवड्यात 50 आणि 250, अशी 300 घरं बदलतात. म्हणजे 30 टक्के. उरली 700: घट्ट 450, चंचल 250. दुसऱ्या आठवड्यात यातली 45 आणि 125, म्हणजे 170 बदलतात. 700 पैकी 170 म्हणजे साधारण 24 टक्के. तिसऱ्या आठवड्यात हा आकडा सुमारे 19 टक्के होतो, चौथ्यात सुमारे 16.

30, 24, 19, 16. आलेख बघणारा म्हणेल, ‘साखळी लांबली की सवय घट्ट होते.’ पण आपल्या उदाहरणात कुणाचीच सवय घट्ट झालेली नाही. चंचल घरं आधी गळून गेली आणि मागे घट्टच उरली, एवढंच. गळती माणसांची झाली आणि आपण तिला मनातला बदल समजलो.

यातून सुटायचे मार्ग दोन. एक, वेगवेगळ्या घरांची तुलना न करता त्याच घराची त्याच्याशीच तुलना करायची: या घराच्या लहान साखळ्या आणि मोठ्या साखळ्या. दोन, कूपन कुणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे स्वभावाचा फरक दोन्ही गटांत सारखा वाटला जातो. आता कुठलाही असा पेपर हातात आला की निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा आणि ही गळती कशी हाताळली आहे ते शोधा.

हीच फसगत प्रयोगशाळेतही

निवडीमुळे आवड बदलते ही कल्पना जुनी आहे. जॅक ब्रेम यांनी 1956 मध्ये बायकांना घरगुती वापराच्या वस्तूंना गुण द्यायला सांगितले. मग त्यातल्या दोन वस्तूंपैकी एक निवडायला सांगितली आणि पुन्हा गुण घेतले. निवडलेली वस्तू वर गेली, नाकारलेली खाली. पुढची पाच दशकं असे प्रयोग होत राहिले.

2010 साली कीथ चेन आणि जेन रायझन यांनी दाखवलं की आवड अजिबात बदलली नाही तरी या प्रयोगात असाच निकाल येईल. कसं ते बघा. तुम्ही दोन लोणच्यांना दहापैकी सात-सात गुण दिलेत. पण गुण अंदाजाने दिलेले असतात, थोडे इकडेतिकडे. त्यातलं कैरीचं उचललंत, म्हणजे मुळातच ते तुम्हाला थोडं जास्त आवडत असण्याचा संभव आहे. दुसऱ्यांदा गुण देताना तोच लपलेला फरक वर येतो. निवडीने आवड घडवली नाही, निवडीने आवड उघडी केली.

उपायही सुंदर आहे. एका गटाकडून निवड करण्याआधीच दोन्ही वेळा गुण घ्या. त्यांच्यातही फरक दिसला तर तो निवडीमुळे असूच शकत नाही. तेवढा भाग वजा केल्यावर जे उरेल ते खरं. त्याच वर्षी शारोट आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट काढली: लोकांना वाटेल की आपण निवड केली, पण खरी निवड झालेलीच नसेल, असा प्रयोग रचला. तिथेही ‘निवडलेल्या’ सहलीच्या ठिकाणाचे गुण वाढले. म्हणजे परिणाम आहे, फक्त तो सिद्ध करायला जुना प्रयोग पुरेसा नव्हता. निष्कर्ष बरोबर आणि पुरावा अपुरा, असंही असतं. व्हायव्हात हा फरक नीट सांगता आला तर तुम्ही विषय समजून घेतलाय हे समोरच्याला लगेच कळतं.

दुसरा पेपर वेगळंच सांगतो

2019 साली शुल्झ, गर्शमन आणि सहकाऱ्यांनी घरपोच जेवणाच्या सुमारे 16 लाख ऑर्डर तपासल्या. तिथे ग्राहक बरेच शहाण्यासारखे वागताना दिसले. नवीन हॉटेलचा अंदाज ते त्याच्यासारख्या ओळखीच्या हॉटेलांवरून बांधत, आणि जिथे अनिश्चितता जास्त तिथे शोधाकडे झुकत. गंमत म्हणजे ब्रॅडली लव्ह दोन्ही पेपरांचे सहलेखक आहेत.

मग खरं काय? साहित्याचा आढावा लिहिताना नवे विद्यार्थी इथे ‘याबाबत मतभेद आहेत’ असं एक वाक्य टाकून पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. दोन्हीकडे प्रश्न काय मोजला होता ते विचारा. एकीकडे रोजचं सामान आहे, एका ब्रँडवरून शेजारच्या ब्रँडवर जायचं आहे आणि पुड्यावर इतरांची मतं लिहिलेली नसतात. दुसरीकडे किंमत, गुण, पोचायचा वेळ सगळं पडद्यावर आहे आणि आज काहीतरी वेगळं खायचं म्हणूनच माणूस बसलेला आहे. माहिती हाताशी असली की माणूस हिशोबाने शोध घेतो, नसली की सवयीवर टेकतो, असं असेल का? हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण संशोधनाचा प्रश्न असाच दोन पेपरांच्या फटीत सापडतो.

एका घासावर निकाल नको

नवीन वस्तू आवडली की नाही, हे एका वेळेत ठरतं का? पॅट्रिशिया प्लायनर यांनी 1982 मध्ये विद्यार्थ्यांना अनोळखी फळांचे रस चाखायला दिले: काही 5 वेळा, काही 10, काही 20. जितक्या जास्त वेळा चाखलं तितकं जास्त आवडलं. लीअॅन बर्च यांच्या लहान मुलांवरच्या कामातही तेच दिसलं, आणि 1987 मध्ये त्यांच्या गटाने आणखी एक बारकावा दाखवला: फळ नुसतं बघून चवीची आवड वाढत नाही, त्यासाठी चाखावंच लागतं.

आता याला डेनरेल आणि मार्च यांची 2001 ची कल्पना जोडा. पहिला अनुभव उगाचच चांगला आला तर आपण ती वस्तू परत घेतो आणि चूक दुरुस्त होते. पहिला अनुभव उगाचच वाईट आला तर आपण परत जातच नाही, आणि ती चूक आयुष्यभर तशीच राहते. तापलेल्या शेगडीवर एकदा बसलेलं मांजर थंड शेगडीवरही बसत नाही, त्यावरून या परिणामाला नाव पडलंय. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या उत्साहात राळे आणून, तांदळाइतकंच पाणी घालून, कोरडा भात खाऊन डबा मागे सरकवला असेल, तर तुमचं मत राळ्यांबद्दल नाही, त्या एका दिवसाच्या पाण्याबद्दल आहे.

घरच्या घरी एक प्रयोग

तीन नव्या वस्तू निवडा. प्रत्येक वस्तू पाच वेळा खायची. कुठल्या दिवशी कुठली, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर भूक लागलेल्या दिवशी आवडतीच हातात येईल. दर वेळी दहापैकी गुण लिहा आणि आधीचे गुण झाकून ठेवा. सोबत एक ओळखीची वस्तूही तशीच मोजा. तिचेही गुण वाढत गेले तर वाढ नवेपणातून आलेली नाही, तुमच्या मोजण्यातच काहीतरी सरकतंय. चिठ्ठ्या, झाकलेले गुण, तुलनेची वस्तू: प्रयोगरचनेचे तीन पाठ पंधरा-वीस दिवसांत होतील, आणि कदाचित एक नवा पदार्थही कायमचा यादीत येईल.

आणि विषय निवडताना

हे सगळं तुमच्या समोरच्या निर्णयालाही लागू आहे. पीएचडीचा विषय हा काही वर्षं सलग चालणारी साखळी आहे. एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय पुढे न्यायचा, कारण ‘तोच आवडतो’, असं बरेच जण म्हणतात. आवडतो, की दोन वर्षं केलाय म्हणून आवडतोय? दुसरं काही पाच वेळा चाखून पाहिलंत का, की एक रटाळ पेपर वाचून ते अख्खं क्षेत्र बाद केलंत?

गणित सांगतं, पुढे वेळ भरपूर असताना शोध स्वस्त असतो. सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर तो महाग होतो. म्हणून प्रवेशाच्या तयारीचे महिने आणि कोर्सवर्कचा काळ, हीच फळ्यांसमोरून सावकाश चालायची वेळ. अनोळखी क्षेत्रातले तीन विषय घ्या, प्रत्येकातले पाच पेपर वाचा, प्रत्येक पेपरनंतर गुण लिहा. पाचव्या पेपरनंतरही मन जुन्या विषयाकडेच वळलं, तर खुशाल तो घ्या. तेव्हा निदान गाईडसमोर सांगता येईल की बाकीची चव घेऊन मग हा निवडला.