थेंब घातल्यावरच कळतं

तक्त्यावरची शेवटची ओळ काकांनी न अडखळता वाचली. "मला सगळं स्वच्छ दिसतं, चष्म्याचा नंबर तेवढा बघा," असं त्यांचं म्हणणं. शुगर मात्र बरीच वर्षं आहे, आणि डोळ्यांचा पडदा कधीच तपासलेला नाही. पुण्यातल्या एका नेत्ररुग्णालयात, डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या परवानगीनं मी पडद्याच्या ओपीडीत बसले होते.

सिस्टरनं बाहुली मोठी करणारे थेंब घातले. ते झोंबतात. मग अर्धा तास डोळे मिटून बाकावर बसायचं, आणि नेमका हाच अर्धा तास लोकांना नकोसा असतो. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी काकांची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यासमोर भिंग धरलं. शेजारच्या मॉनिटरवर केशरी पडदा उमटला. त्यावर लाल ठिपके, पिवळट डाग आणि एका बाजूला बारीक वाहिन्यांचा गुंता.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पडद्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात, फुगतात, झिरपतात. काही बंदच पडतात. रक्ताला मुकलेला पडदा मग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि नव्या वाहिन्या उगवतात. या वाहिन्या इतक्या ठिसूळ असतात की कधीही फुटून डोळ्यात रक्त पसरू शकतं. काकांच्या पडद्याचा मधला भाग अजून शाबूत होता, म्हणून शेवटची ओळ वाचता आली.

लेसर त्यांना त्याच आठवड्यात दिला. बधिर करणारे थेंब, डोळ्यावर टेकवलेली काच, डॉक्टरांचा पाय पेडलवर. हिरवा झोत क्षणभर चमकतो आणि पडद्याच्या कडेला फिकट ठिपका उमटतो. असे शेकडो ठिपके एका बैठकीत, आणि अशा दोन-तीन बैठका. कडेचा पडदा भाजून निघाला की त्याची प्राणवायूची भूक कमी होते, व्हीईजीएफ घटतं, नव्या वाहिन्या आक्रसतात. बदल्यात बाजूचं आणि रात्रीचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं. डॉक्टरांनी हे आधीच, सावकाश समजावलं होतं, आणि मला ते लेसरइतकंच महत्त्वाचं वाटतं.

"आता जास्त स्वच्छ दिसेल ना?" काकांनी विचारलं.

"नाही काका. आज दिसतंय ते टिकावं म्हणून हे करतोय."

पडद्याच्या मध्यभागी सूज आली असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच पोटात गोळा येतो, पण औषध असतं फक्त 0.05 मिलिलिटर आणि सुई आत-बाहेर व्हायला काही सेकंद लागतात. खरी अडचण वेगळी आहे. सुरुवातीला ही इंजेक्शनं दरमहा घ्यावी लागतात. दोन-तीन झाली, जरा बरं दिसू लागलं, की खर्च आणि खेपा टाळण्यासाठी लोक यायचे थांबतात. सूज परतते.

साखर, रक्तदाब सांभाळणं हा पाया आहेच, पण त्यानं तपासणी टळत नाही. टाइप 2 मधुमेह असेल तर निदान होताच आणि टाइप 1 असेल तर पाच वर्षांच्या आत पडदा तपासून घ्यावा; पुढे साधारण दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तसा. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवू नका, सोबत कुणाला तरी न्या. घरात कुणाला शुगर असेल तर आजच विचारा: थेंब घालून डोळे शेवटचे कधी तपासले होते?