तोतलाडोहचं देणं

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला होता. एका संध्याकाळी त्याला घेऊन बर्डीवर फिरायला निघालो. पंचशील चौकातल्या पुलावर तो थबकला, खाली वाकून पाहिलं आणि नाक दाबून म्हणाला, "आजोबा, हा नाला कुठे जातो?"

"नाला नाही रे, ही नाग नदी. हिच्यावरूनच तर आपल्या गावाचं नाव पडलं."

त्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की खोटं तारण दाखवणाऱ्या कर्जदाराकडे मीही कधी पाहिलं नसेल. "मग खरी नदी दाखवा," असं म्हणून तो मोकळा झाला.

खरी नदी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे पेंच येते. १९७८ साली कॉलेजातले आम्ही सहा जण तोतलाडोहला गेलो होतो. मनसरपर्यंत एस.टी., पुढे मिळेल तो ट्रक आणि उरलेली पायपीट. सोबत पिठाची पिशवी, वांगी, तुरीची डाळ आणि एक पातेलं. छिंदवाड्याकडच्या सातपुड्यात उगम पावलेली ही नदी जंगलातून उत्तर-दक्षिण उतरत येते. पावसाळ्यात तिच्याकडे पाहून छाती दडपते. एप्रिल सरता सरता मात्र धार तुटते आणि खडकांच्या खळग्यांतून तेवढे डोह उरतात. मे महिन्यात साऱ्या जंगलाची तहान त्या डोहांवर भागते. तोतलाडोह या नावातला 'डोह' तो हाच.

आम्ही त्या पाण्यात मनसोक्त डुंबलो. काठावर गोवऱ्यांची आर पेटवून रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. दुपारी अर्जुनाच्या सावलीत ताणून दिली. एक पाणमांजर डोकं वर काढून आमच्याकडे पाहून गेलं. १९७५ सालीच इथलं २५७ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान झालं होतं, हे आमच्या गावीही नव्हतं. निघताना राख आणि वांग्यांचे देठ तिथेच टाकून आलो. आज ते आठवलं की शरम वाटते. त्या दिवशी वाटली नव्हती.

पलीकडे धरणाचं काम चाललं होतं. ते १९८९ साली पुरं झालं. ज्या खडकावर आम्ही कपडे वाळत घातले होते, तो खडक आणि तो डोह जलाशयाच्या पोटात गेले.

त्याच सुमारास मी बँकेच्या रामटेक भागातल्या एका शाखेत शेती कर्जाच्या टेबलावर होतो. अर्जात 'सिंचनाचे साधन' असा एक रकाना असे. त्यात 'पेंच कालवा' लिहिलेलं दिसलं की प्रकरण झटपट मंजूर व्हायचं. कोरडवाहू शेतात धान उभा राहिलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. कोराडी-खापरखेड्याची वीज त्या पाण्यावर चालते. आमच्या नळालाही पेंचचंच पाणी येतं. तेव्हा 'धरणानं माझी नदी नेली' अशी तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. त्या व्यवहारावर माझीही सही आहे.

अमेरिकेत २ ऑक्टोबर १९६८ रोजी एक कायदा झाला. काही निवडक नद्या धरणं न बांधता, वाहत्या राखायच्या, आणि लोकांनी तिथे होडी वल्हवावी, पोहावं, भटकावं. सुरुवातीला अशा आठ नद्या निवडल्या. वाचलं तेव्हा हेवा वाटला. आपल्याकडे नदी थोडीफार मोकळी राहिली ती जंगलाच्या आश्रयानं. आणि ते जंगल आपल्यासारख्यांसाठी राखताना त्यातून कोणी बाहेर गेलं, हा हिशेब आपण सहसा मांडत नाही.

त्याची नोंद न्यायालयाच्या कागदांत आहे. तोतलाडोहचं पाणी दोन राज्यांत पसरलेलं. मध्य प्रदेशाच्या बाजूला उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना जलाशयात मासे धरू द्यायचे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९७ साली न्यायालयानं ३०५ परवाने कायम ठेवले, पण अटी घातल्या. काठावर स्वयंपाकासाठीही विस्तव पेटवायचा नाही, पाण्यात कचरा टाकायचा नाही. ज्यांचं पोट त्या पाण्यावर होतं, त्यांना ही अट. आम्ही सहा जण तर मजेखातर आर पेटवून आलो होतो!

तर नातवाला घेऊन मी कोलितमाऱ्याला गेलो. खालच्या नवेगाव खैरीच्या धरणाचं पाणी तिथवर फुगलं आहे. होडीत बसलो. दोन्ही अंगांना सागवान, मधे संथ हिरवं पाणी. पाणकावळे पंख पसरून ठुंठांवर बसले होते. नातू एरवी गप्प बसत नाही, इथे अर्धा तास बोलला नाही.

होडीवाला पोरगा तिथल्याच गावचा. मी त्याला पूर्वीच्या डोहाबद्दल सांगू लागलो, तर तो हसला. "आमचा आबाजी याच नदीत जाळं टाकत होता, साहेब. आता जाळं टाकलं तं गुन्हा हाय. मी लोकायले पाणी दाखवतो, त्याचे पैसे भेटते."

"बरं चाललंय ना मग?"

"चाललं हाय. पण पाणी पाह्यलं म्हणून मासोळीची चव थोडी येते जी?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. उतरताना ठरलेल्या पैशांवर थोडे जास्त त्याच्या हातावर ठेवले. ते त्याने घेतले, पण उत्तर म्हणून नाही.

परतताना नातवाला नकाशा काढून दाखवला. पेंच कन्हानला मिळते. आपण पिऊन, धुऊन, ओतून टाकलेलं पाणी नाग नदीतून वाहत जातं आणि पुढे खाली त्याच कन्हानला मिळतं. २०१९ च्या जुलैत पेंचचे जलाशय तळाला गेले आणि शहराला दिवसाआड पाणी आलं, तेव्हा सगळ्यांना पेंच आठवली. २०२३ च्या सप्टेंबरात नाग नदी घरांत शिरली, तेव्हा ती नदी असल्याचं आठवलं. एरवी एकीकडे आपण सहलीला जातो आणि दुसरीकडे नाक दाबतो.

"म्हणजे पुलाखाली होतं ते पेंचचंच पाणी?" नातवानं विचारलं.

"बरंचसं तेच."

"मग ते घाण कोणी केलं?"

मोटार कामठीच्या रस्त्याला लागली होती. मी म्हटलं, "आपणच." त्यानं मग खिडकीतून बाहेर टाकायला काढलेला चॉकलेटचा कागद मुकाट्यानं खिशात ठेवला. माझ्या १९७८ च्या राखेचं काय करायचं, ते मात्र त्यानं विचारलं नाही.