डाँकी काँगचा गाळलेला टप्पा

नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्ही गेमला पिवळी कॅसेट लावली, त्यांना ‘डाँकी काँग’मधला पिंपं सोडणारा गोरिला आठवत असेल. त्यात टप्पे तीनच. निन्टेन्डोच्या १९८१च्या मूळ आर्केड यंत्रात मात्र चार होते. सरकत्या पट्ट्यांचा ५० मीटरचा टप्पा १९८३मध्ये घरगुती ‘फॅमिकॉम’वर येताना गाळला गेला.

मुख्य अडचण जागेची. अख्खा खेळ २४ किलोबाइटांत बसवलेला; मोबाइलवरचा साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून यंत्र पूर्ण चित्र साठवतच नाही. छापखान्यातल्या खिळ्यांसारखे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे असतात. तुळईचे तेच ते तुकडे जुळवून मजला उभा राहतो. पण नवा टप्पा म्हणजे नवे खिळे, आणि वर त्याचे नियम: पट्टा कुठे सरकणार, त्यावर उभा मारिओ किती वाहत जाणार.

शिवाय आर्केडचा पडदा उभा, २५६ ओळींचा. घरचा टीव्ही आडवा. फॅमिकॉम २४० ओळी काढणार, त्यातल्याही वरखालच्या काही टीव्हीच्या चौकटीआड. चढण्याच्याच खेळात उंचीला कात्री!

हलत्या आकृत्यांबाबत यंत्र आणखी कंजूष. एका आडव्या ओळीत आठच तुकडे दिसतात आणि मारिओच दोन तुकडे रुंद. गर्दी झाली की उरलेले उमटतच नाहीत. एवढ्या ओढाताणीतही उडीची गंमत टिकली, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

गाळलेला टप्पा घातलेली आवृत्ती निन्टेन्डोने २०१०मध्ये युरोपात लाल ‘वी’ यंत्रासोबत दिली.