साखळी स्पर्धेतील कनिष्ठ श्रेणी

‘लीग’ला मराठीने दिलेला ‘साखळी’ हा प्रतिशब्द अन्वर्थक आहे. या पद्धतीत प्रत्येक संघाची गाठ प्रत्येकाशी पडते. बाद पद्धतीत १६ संघांचा निकाल १५ सामन्यांत लागतो खरा. पण ८ संघ एकच सामना खेळून घरी परततात. साखळीत प्रत्येकास १५ सामने मिळतात. मात्र एकूण सामने १२० होतात. नोकरी वा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या हौशी फुटबॉलपटूंना हे झेपत नाही. म्हणून श्रेणी पाडाव्या लागतात. ८-८ संघांच्या दोन श्रेणी केल्यास सामने ५६ होतात व प्रत्येकास ७ सामने निश्चित मिळतात. वरिष्ठ श्रेणीतील तळाचा संघ खाली आणि कनिष्ठ श्रेणीतील अग्रेसर संघ वर, या नियमाने दोन्ही श्रेणी परस्परांशी सांधल्या जातात.

कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावांनी संघ खेळतात. ते एकाच शहरातले असल्याने प्रवासाचा प्रश्न उद्भवत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याची गोष्ट निराळी. येथे १४ तालुके. अकोले वायव्येस, तर जामखेड आग्नेयेस. प्रवासखर्च पुष्कळदा खेळाडूंच्याच खिशातून होतो. अशा ठिकाणी कनिष्ठ श्रेणीचे उत्तर व दक्षिण असे गट पाडून केवळ गटविजेत्यांची गाठ घालणे युक्त ठरेल.

कनिष्ठ श्रेणीच्या रचनेची कसोटी विजेता कोण, ही नव्हे. शेवटच्या क्रमांकाच्या संघासही हंगामभर खेळता आले की नाही, ही होय.