बोडीचं पाणी सांभाळू, गटाचा पैसा वाचवू



मागच्या हिवाळ्यात एका गटाच्या बोडीवर गेले होते. रोहूच्या अंगावर लाल चट्टे, काहींची शेपटी कुजलेली. रोज चार-दोन मासे मरून वर येत होते. एक मावशी म्हणाल्या, "पोरी, कोणाची तरी नजर लागली बघ." मावशी, नजर नाही, हे जंतूंचं काम आहे.

'एरोमोनास' नावाचे जंतू गोड्या पाण्यात कायमच असतात. पाणी चांगलं, मासा दणकट, तोवर ते फारसं काही करत नाहीत. पण बोटुकली जास्त सोडली, कच्चं शेण भरमसाट टाकलं, उरलेलं खाद्य तळाशी कुजलं, की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मासा अशक्त होतो आणि जंतू डाव साधतात.

नुकसान दुहेरी आहे. चट्टे पडलेला मासा व्यापारी घेत नाही, घेतला तर पडेल भावात. बीज-खाद्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. शिवाय मासे साफ करताना काटा टोचला, तर हेच जंतू जखमेत शिरतात, हात सुजतो, पू होतो. अर्धकच्चा मासा खाल्ला तर जुलाब लागू शकतात.

मग काय करायचं?

• एकराला साधारण २००० बोटुकली पुरे.

• पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर खत-खाद्य थांबवा आणि ताजं पाणी सोडा.

• चुना अंदाजाने नको. पाणी तपासून, मत्स्य विभागाला विचारून टाका.

• मेलेले मासे लगेच काढा आणि बोडीपासून लांब, चुना टाकून पुरा. ते विकू नका, खाऊ नका.

• दुकानदार देईल ते अँटिबायोटिक पाण्यात ओतू नका. जंतू त्याला सरावतात, मग आपल्या लेकरांनाही औषध लागू पडत नाही.

• विक्रीला नेताना एक किलो माशाला एक किलो बर्फ. बर्फाचा खर्च वाटतो, पण बिनबर्फाचा मासा दुपारपर्यंत नरम पडतो आणि भाव उतरतो.

• काटा लागला तर हात साबणाने धुवा. सूज आली तर थेट दवाखाना गाठा.

त्या गटाने खाद्य थांबवलं, पाणी बदललं, सल्ला घेऊन चुना टाकला. सगळे मासे वाचले नाहीत, पण हप्त्यापुरते वाचले. आता त्या दर आठवड्याला जाळं टाकून पाच-दहा मासे पाहतात आणि वहीत लिहितात. तुमच्या गटाची अशी वही आहे का? पुढच्या बैठकीला घेऊन या, मिळून पाहू.

तुमची क्षेत्र समन्वयक