घरच्या संगणकाचा राखणदार

मूल–गडचिरोली मार्गावरील सावलीसारख्या तालुक्याच्या गावीही दुकानाचा जमाखर्च, जीएसटीची विवरणपत्रे, मुलांचे प्रवेशअर्ज आणि बँकेचे व्यवहार आता एकाच जुन्या संगणकावर चालतात. त्यावर विषाणूरोधक प्रणाली बसविली की यंत्र रेंगाळते. मग कंटाळून ती बंद केली जाते आणि आयुष्यभराची पुंजी उघड्यावर पडते.

या व्यवसायातील एक ठळक भारतीय नाव महाराष्ट्रातलेच आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर यांच्याकडे विषाणूबाधित यंत्रे येत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय म्हणून प्रणाली लिहिली. त्यातूनच पुढे ‘क्विक हील’ उभी राहिली व २०१६ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली.

संगणक मंदावतो, कारण हा राखणदार उघडली जाणारी प्रत्येक फाइल तपासतो. एकाच दारावर दोन राखणदार नेमले, तर ते एकमेकांचीच झडती घेत बसतात. म्हणून प्रणाली एकच ठेवावी. विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर मुळातच असते आणि सामान्य घरासाठी ते बहुधा पुरेसे ठरते. दुसरी प्रणाली घ्यायचीच असेल, तर जर्मनीतील एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थांचे निष्कर्ष पाहावेत. यंत्राच्या वेगावरील परिणामही त्या मोजतात. संपूर्ण तपासणीची वेळ दुपारच्या विश्रांतीची ठेवावी. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविली, तर पुष्कळदा मंदपणाची तक्रारच उरत नाही.

अद्ययावतीकरण मात्र टाळू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक ओलीस धरले, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेत बसविली, ते त्या वाटेने होणाऱ्या हल्ल्यातून वाचले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असावे. हिशेबाची एक प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती डिस्क काढून ठेवावी.

फोनवर ओटीपी मागणाऱ्या गोड आवाजाला मात्र कोणतीही प्रणाली अडवू शकत नाही. तेथे घरातील माणसांचा विवेकच राखणदार. तरीही फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी थोपविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.