नांव बदललें, श्रेय हरपलें

मी शाळामास्तर. माझें अर्धें आयुष्य दाखले लिहिण्यांत गेलें. दाखल्यावरील नांवांत एक मात्रा चुकली तरी पुढें नोकरीच्या दारांत मुलाची केवढी अडवणूक होते, हें मीं पाहिलें आहे. मग ज्या व्यक्तीचें नांवच समूळ बदलतें, तिचें पूर्वीचें कर्तृत्व कोणाच्या खातीं जमा व्हावें? लिन कॉन्वे यांचें चरित्र मला याच प्रश्नामुळें महत्त्वाचें वाटतें.

१९३८ सालीं अमेरिकेंत जन्मलेल्या या विदुषीची नोंद मुलगा म्हणून झाली होती. १९६४ सालीं त्या आयबीएम कंपनींत लागल्या. संगणकास दिलेली एखादी आज्ञा दुसरीच्या उत्तरासाठीं अडली, कीं मागच्या साऱ्या खोळंबत. वर्गांत एक मुलगा फळ्यापुढें अडला म्हणून गणित सोडवून बसलेल्यांनीं कां थांबावें? ज्या आज्ञा सिद्ध असतील त्या, क्रम सोडूनहि, एका वेळीं अनेक पार पाडाव्या, अशी योजना कॉन्वे यांनीं तेथें मांडली.

परंतु आपण स्त्री आहों, ही अंतरींची ओळख उघडपणें जगण्याचा त्यांचा निश्चय कळतांच कंपनीनें १९६८ सालीं त्यांना काढून टाकलें. कामांत खोट नव्हती, हें ध्यानांत घ्यावें.

नवें नांव घेऊन त्यांनीं पहिल्या पायरीपासून पुन्हा आरंभ केला. जुना अनुभव सांगावा, तर जुनें नांव सांगावें लागे. तें सांगावें, तर नोकरीच जाण्याचें भय. स्वतःच्या बुद्धीचें फळ त्यांना परक्यासारखें दुरून पाहावें लागलें! १९७३ पासून झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत असतांना त्यांनीं कार्व्हर मीड यांच्यासह चिप-रचनेचें शास्त्र इतकें सुगम केलें कीं, तें विद्यार्थ्यांस वर्गांत शिकवितां येऊं लागलें. १९७८ सालीं एमआयटींत त्यांनीं स्वतः तें शिकविलें. (मास्तरास याचें कौतुक अंमळ अधिक, हें मी कबूल करतों.) तरीहि पूर्वायुष्याविषयीं मौनच. बडतर्फीनंतर सुमारें तीस वर्षांनीं इतिहाससंशोधक आयबीएमच्या त्या जुन्या प्रकल्पाची चौकशी करूं लागले, तेव्हां कोठें त्यांनीं तें काम आपलें म्हणून सांगितलें.

जून २०२० मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, पारलिंगी म्हणून नोकरींतून काढणें हा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा भंग होय. म्हणजे कायदा कॉन्वे आयबीएममध्यें लागल्या त्याच सालचा! न्यायालयाच्या निर्णयानंतर, त्याच वर्षीं, कंपनीनें त्यांची जाहीर क्षमा मागितली. त्या वेळीं कॉन्वे ८२ वर्षांच्या होत्या.